शिवारफेरी : मुलांना घेऊन शेतावर जाताय? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळी पत्रांचा नुसता पाऊस पडलाय आणि बहुतेक सगळी एकाच विषयावरची, सुट्टीत मुलांना शेतावर न्यायचंय, गाईगुरं दाखवायचीत, तर कुठं जायचं, कधी जायचं आणि काय सांभाळायचं. म्हणून हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. पत्रं थोडी कापून घेतली आहेत, नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

ताई, आम्ही पिंपरी-चिंचवडला राहतो, मुलं ४ आणि ९ वर्षांची. गेल्या जानेवारीत हुरडा पार्टीला गेलो होतो, चांगले पैसे भरले, पण तिथं डीजे, रेन डान्स आणि स्विमिंग पूल. हुरडा वाटीत आयता आणून दिला, प्राणी म्हणाल तर पिंजऱ्यात ससे आणि दोरीला बांधलेला एक घोडा. मुलांनी शेत बघितलंच नाही. यंदा खरं शेत असलेलं ठिकाण कसं ओळखायचं?

बुकिंगच्या आधी फोन करा आणि रेट विचारायच्या आधी एकच विचारा, "सध्या शेतात काय उभं आहे?" जो खरंच शेती करतो तो लगेच सुरू होतो, ज्वारी हुरड्यात आलीय, पलीकडं हरभरा आहे, कांद्याला आज पाणी सोडलंय, गव्हाला अजून ओंबी यायचीय. आणि ज्याच्याकडं नुसता लॉन आहे तो तुम्हाला पॅकेज सांगायला लागतो. दुसरा प्रश्न, धारा किती वाजता काढता? गोठा घरचा असेल तर पहाटेची आणि संध्याकाळची ठरलेली वेळ सांगतील, आणि "तुम्ही सांगाल तेव्हा दाखवू" असं उत्तर आलं तर समजायचं की जनावरं दाखवायलाच ठेवलीत. कारण दुभतं जनावर वेळेचं पक्कं असतं, पाहुणे आले म्हणून दुपारी दोन वाजता पान्हा सोडत नाही.

आपल्याकडं कृषी पर्यटन नवीन राहिलेलं नाही. बारामतीच्या परिसरात २००५ च्या सुमारास याची घडी बसायला लागली आणि २०२० मध्ये राज्य सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरणच आणलं, पर्यटन संचालनालयाकडं केंद्राची नोंदणी होते आणि तसं प्रमाणपत्र मिळतं. ते आहे का हे बिनधास्त विचारा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आता हुरड्याबद्दल. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात, दाणा दुधातून चिकात येतो तेव्हा हुरडा, म्हणजे साधारण डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत, गावागणिक पुढं-मागं. एका शेतातला हुरडा थोडेच दिवस टिकतो, नंतर दाणा टणक होतो, म्हणून जिथं सीझनभर हुरडा चालतो तिथं पेरण्या टप्प्याटप्प्यानं केलेल्या असतात नाहीतर कणसं दुसरीकडून येतात. गूळभेंडी, सुरती हे जुने हुरड्याचे वाण, राहुरी कृषी विद्यापीठाचा फुले मधुर हाही हुरड्यासाठीच काढलेला. मुलांना कणसं कापण्यापासून बघू द्या. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांचा आर पेटवतात ती आगटी, त्यात कणसं खोचायची, भाजली की गरम गरम हातात घेऊन पोत्यावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवेगार दाणे तसेच तोंडात, सोबत शेंगदाण्याची नाहीतर लसणाची चटणी, दही, गूळ, गोडी शेव. ९ वर्षांच्या मुलाला स्वतः चोळू द्या, हात काळे होतील, होऊ द्या. ४ वर्षांच्याला मात्र आगटीपासून लांब मांडीवर घेऊन बसायचं, राखेखाली आर असतो तो दिसत नाही.

आणि शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला जाणार असाल तर मुलांना आधीच सांगून ठेवा, मोर पहाटे आणि संध्याकाळी बाहेर पडतात, भर दुपारी नाही. शिवाय पावसाळा सरताना नराची लांब पिसं गळतात आणि पुन्हा वाढायला काही महिने जातात, त्यामुळं हुरड्याच्या दिवसांत चित्रातला पिसारा दिसेलच असं नाही. पोरं हिरमुसतात म्हणून सांगितलं.

माझी मुलगी ६ वर्षांची आहे. मागे एका फार्मवर बकरीनं ढुशी मारली तेव्हापासून जनावर दिसलं की रडते. तिचे बाबा म्हणतात एकदा जबरदस्तीनं हात लावायला लावू म्हणजे भीती जाईल. काय करावं?

जबरदस्ती अजिबात नको. तिच्या बाबांना हे उत्तर वाचून दाखवा. भीती जायला वेळ लागतो आणि तो वेळ तिनं ठरवायचा. त्या ढुशीचं सांगायचं तर बकरी सहसा खाण्यासाठीच अंगावर येते, हातात काहीतरी आहे असं तिला वाटतं, त्यात चारपाच मुलं गलका करत असतील तर करडं बिथरतात आणि मोठ्या शेळ्या शिंगं पुढं करतात. हे मुलीला समजावून सांगा, सहा वर्षांच्या मुलांना कारण सांगितलेलं कळतं.

सुरुवात म्हाताऱ्या, शांत गाईपासून करा, तीही दावणीला बांधलेली आणि मालक शेजारी उभा असताना. समोरून थेट डोक्याकडं जायचं नाही आणि मागून तर मुळीच नाही. गाईला दोन्ही बाजूंचं खूप दिसतं पण नेमकं पाठीमागचं दिसत नाही, तिथून कोणी अचानक आलं की लाथ बसते. तिला आपण दिसू असं खांद्याच्या बाजूनं हळू जायचं, बोलत बोलत, म्हणजे माणूस येतंय हे तिला कळतं. आधी वडिलांनी गळ्याखालची ती लोंबती पोळी खाजवून दाखवायची. बहुतेक गाईंना ते इतकं आवडतं की त्या मान लांब करून वर धरतात, डोळे अर्धे मिटतात, कान सैल सोडतात. मुलीला फक्त ते बघू द्या. हात लावायला सांगू नका, ती आपणहून विचारेल, त्या दिवशी नाही तर पुढच्या खेपेला.

चारायची वेळ आली तर लांब कडब्याचं ताट किंवा मेथीघासाची जुडी द्या, म्हणजे हात आणि तोंड यात अंतर राहतं. गाईला आणि शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथं नुसती कडक हिरडी असते, गाय जिभेनं चारा गुंडाळून आत ओढते आणि ती जीभ काथ्याच्या ब्रशसारखी खरखरीत लागते. हे आधी सांगून ठेवलं की मूल दचकत नाही, उलट "मला बघू" म्हणतं. मागचे दाढेचे दात मात्र चांगले धारदार असतात, म्हणून बोटं तोंडात घालायची नाहीत. घोड्याला वर-खाली दोन्हीकडं पुढचे दात असतात, त्याला चारताना तळहात सपाट, बोटं जुळवून.

नुकतीच व्यालेली गाय-म्हैस, पिल्लांची कोंबडी, पिल्लं पाजणारी कुत्री, यांच्या वाटेला जायचं नाही, ती आपल्या लेकरांसाठी अंगावर येतात. आणि कुत्रं किंवा मांजर चावलं, नुसतं ओरखडलं तरी, साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा. हळद-चुना काही लावायचं नाही, पाळलेलं आहे म्हणून सोडून द्यायचं नाही.

मी नाशिकचा, वय ७१. नातवंडांबरोबर शेतावर जाताना घरून शिळ्या पोळ्या, भात, गूळ घेऊन जातो, गाईला घास दिला की समाधान वाटतं. परवा तिथल्या मालकानं सगळ्यांसमोर हटकलं. गाईला घास देण्यात काय चूक?

काका, तुमची भावना मला पूर्ण कळते, आपल्या घरांत पहिला घास गाईचा हे आपण लहानपणापासून बघत आलोय. पण मालकाचं म्हणणं ऐकायला हवं. सगळ्यांसमोर नको होतं बोलायला, बाजूला घेऊन सांगता आलं असतं, तेवढं खरं.

गाईच्या पोटाचे चार कप्पे, त्यातला सगळ्यात मोठा कप्पा चाऱ्याच्या धाग्यांवर जगणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंनी भरलेला असतो. तिथं पोळी, भात, गूळ, ब्रेड असं पिठूळ-गोड एकदम पडलं की ते झपाट्यानं आंबतं, आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, पोट फुगतं आणि वेळेत डॉक्टर मिळाला नाही तर जनावर दगावतं. घरच्या गाईला रोज एक पोळी दिली तर काही होत नाही. पण सहलीच्या ठिकाणी रविवारी शंभर माणसं येतात, प्रत्येकानं दोन पोळ्या दिल्या तर त्या एका गाईचं काय होईल बघा, आणि संध्याकाळी ती आडवी पडली की निस्तरायला मालक एकटाच असतो. मीठ-तिखट-तेलाचं उष्टं, चॉकलेट, बिस्किटं हेही नको आणि प्लास्टिकची पिशवी तर हातातसुद्धा ठेवू नका, खाण्याचा वास लागला की जनावर पिशवीसकट गिळतं.

आणखी एक गोष्ट नातवंडांना जरूर सांगा. ज्वारीचा हिरवागार कोवळा फुटवा मुलं कौतुकानं तोडून गुरांना घालतात. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याचा ताण बसलेल्या, सायनाइड तयार होतं आणि जनावर बघता बघता मरू शकतं. शेतातलं काहीही न विचारता तोडून घालायचं नाही.

घास द्यायचाच ना, मालकालाच विचारा, "दादा, हिला काय देऊ?" तो तुमच्या हातात मक्याची वैरण देईल, मेथीघास देईल, शेळ्यांना बोरीचा नाहीतर शेवरीचा पाला देईल.

आम्ही न्यू जर्सीत असतो. इथं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुलांना ॲपल पिकिंगला, भोपळ्यांच्या शेतावर नेतो, ट्रॅक्टरच्या गाडीत गवतावर बसून फिरायला त्यांना फार आवडतं. या डिसेंबरमध्ये साताऱ्याला सासरी येतोय. तिकडं स्वतः तोडून घ्यायचं असं काही मिळेल का?

मिळेल की, तुम्ही अगदी बरोबर वेळेला आणि बरोबर जिल्ह्यात येताय. पाचगणी-महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, तिला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. लावण पाऊस ओसरताना होते, फळ नोव्हेंबर-डिसेंबरपासून सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. डिसेंबरला सुरुवातीचा बहर असतो म्हणून भाव चढे असतात, तोडायचा हिशेब आधी विचारून घ्या, किलोवर की माणशी.

मुलांना दोनतीन गोष्टी शिकवून न्या. रोपं गादीवाफ्यावर असतात, वर प्लास्टिकचं मल्चिंग, चालायचं ते मधल्या सरीतून, वाफ्यावर पाय पडला की शेतकऱ्याच्या काळजाला लागतो. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पुढं पिकत नाही, म्हणून देठापर्यंत लाल झालेलंच घ्यायचं, फळ धरून ओढायचं नाही, वरचा देठ नखानं खुडायचा. तोडून तिथंच तोंडात घालू देऊ नका, आधी फवारणी कधी झाली ते विचारा आणि धुऊन खा. जवळच भिलार आहे, २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालंय, घराघरांत मराठी पुस्तकं ठेवलीत आणि कोणीही बसून वाचावं. स्ट्रॉबेरीचंच गाव आहे ते. अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांना एक दुपार तिथं घालवू द्या, माझी अगदी मनापासून शिफारस आहे.

आणि सासरच्यांना सांगून कराड-कोल्हापूरकडचं एखादं चालू गुऱ्हाळ बघाच. हे मला स्ट्रॉबेरीपेक्षाही भारी वाटतं, कारण अख्खा पदार्थ डोळ्यांसमोर तयार होतो. एका बाजूला चरकातून रस येतोय, वाळलेली चिपाडं चुलवाणात जातायत, काहिलीत रस उकळतोय, त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात आणि मग वर जी मळी येते ती झाऱ्यानं काढत राहतात, रंग हिरवटपासून पिवळा, मग तांबूस होत जातो. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, तो पाक सारखा पाण्यात टाकून बोटानं बघतो, गोळी झाली की काहील उतरवायची. मुलांना काकवी चाखू द्या. पण काहिलीपासून लांब उभं करा, उकळता रस अंगावर उडाला तर चिकटून बसतो, आणि तिथली मंडळी कामाच्या घाईत असतात, मुलांकडं लक्ष ठेवणं आपलं काम.

ठाण्याहून आम्ही सोसायटीतली काही कुटुंबं जुलैमध्ये भातलावणीला जाणार आहोत, मुलांना चिखलात उतरवायचंय. कुणी म्हणतं लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्या-चिखलातून लागणारा ताप) होतो, कुणी म्हणतं काही होत नाही. जावं का?

जा, जरूर जा, कर्जत, मुरबाड, मुळशी, मावळ, भोर, कुठंही. पण तारीख पक्की करून बसू नका, लावणी पावसावर असते, रोपं साधारण तीन-साडेतीन आठवड्यांची झाली आणि खाचरात पाणी साचलं की चिखलणी आणि मग लावणी. शेतकरी "या" म्हणेल तेव्हा निघायची तयारी ठेवा. आणि सगळे एकदम खाचरात उतरू नका, एका बाजूनं ओळीत, मागं मागं सरत, दोनतीन काड्या एका ठिकाणी, फार खोल नाही. लावणीच्या बाया दाखवतील, त्यांचा हात किती भरभर चालतो ते बघण्यासारखं असतं. मुलांना चिखलात लोळायचं असेल तर त्यासाठी वेगळा कोपरा मागून घ्या, लावलेल्या रोपांवर लोळायचं नाही, ते कुणाचं तरी वर्षाचं खाणं आहे.

लेप्टोचं भय खोटं नाही. उंदराच्या, गुरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात-चिखलात असतात आणि पायाला जखम, चीर असेल तर तिथून शिरतात. ज्याच्या पायाला जखम आहे त्यानं बांधावर बसायचं, रडारड झाली तरी. बाहेर आल्यावर स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं पाय धुवायचे, खाचरातलं पाणी तोंडात जाऊ द्यायचं नाही. नंतरच्या दोनतीन आठवड्यांत ताप आला, पिंढऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की आम्ही भातखाचरात उतरलो होतो, हे सांगितलं की निदान लवकर होतं आणि औषध वेळेत सुरू होतं. जायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही बघून घ्या.

मला पाचवा महिना आहे. मोठ्या मुलाला घेऊन शेळ्यांच्या फार्मवर जायचं ठरलंय. मी गेले तर चालेल?

तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, पण माझं मत सांगू का, शेळ्या-मेंढ्या विण्याच्या दिवसांत तुम्ही गोठ्यात जाऊ नका. व्यालेल्या शेळीचा जार म्हणजे वार, ते पाणी, ओली करडं यांतून गर्भाला धोका असलेले आजार लागू शकतात, ब्रुसेलोसिस त्यातलाच. करडू मांडीवर घेऊन फोटोही नको. बाबांनी मुलाला आत न्यावं, तुम्ही झाडाखाली बसा, परत आल्यावर त्यांनी हात धुऊन, कपडे-चपला बदलून मग तुमच्याजवळ यावं. आणि धारोष्ण दूध तुम्हीही नाही, मुलानंही नाही, कितीही आग्रह झाला तरी उकळून द्या म्हणायचं.

पोळा बघायला मुलांना कुठं न्यावं?

तुमचं गाव असेल तर गावीच. श्रावणी अमावस्येला पोळा, कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडं बेंदूर, तो आधीच होतो. आदल्या दिवशीच पोचा म्हणजे खांदेमळणी बघायला मिळेल, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला लोणी-हळद लावून चोळतात आणि बैलाला सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मुलांना तिथं बैलाजवळ उभं राहू द्या, पण मिरवणुकीत फटाके-वाजंत्री सुरू झाली की लांब. विदर्भात असाल तर दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा लाकडी बैल घेऊन खास मुलांचाच असतो, नागपूरकडं फार छान होतो.

मी शेतकरी आहे, जुन्नर तालुका. चार एकर, दोन गाई, आठ शेळ्या. शहरातल्या लोकांसाठी काहीतरी सुरू करावं म्हणतोय. पूल बांधायला कर्ज काढू का?

दादा, पूल नको. तुमच्याकडं जे आहे तेच बघायला लोक येतात, वरचं पिंपरीचं पत्र वाचा. पैसे आधी स्वच्छ संडासात घाला, बायांसाठी वेगळा, आणि गोठ्याच्या तोंडाशी मुलांच्या उंचीचा नळ आणि साबण. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे. जनावरांना हात लावून तसंच खायला बसलं की लहान मुलांना जुलाब लागतात, कधी कधी फार वाईट, आणि सॅनिटायझर त्याला पुरत नाही, मातकट हातावर तो चालत नाही आणि काही जंतू त्यानं मरतही नाहीत. जेवणाची जागा गोठ्यापासून लांब ठेवा. विहिरीला आणि शेततळ्याला कुंपण पहिल्या दिवसापासून पाहिजे, त्याशिवाय एकही मूल आत घेऊ नका.

जनावरांना सुट्टी द्या. दुपारी रवंथ करत बसलेल्या गाईला कोणी उठवायचं नाही अशी पाटीच लावा. करडं मुलांच्या हातात सारखी देत राहिलात तर ती दमतात आणि दूध प्यायची सोडतात, म्हणून थोड्या वेळानं आईकडं सोडायची. बैलगाडी ठेवणार असाल तर माणसं मोजून बसवा, उन्हात फेऱ्या नकोत, खांदेसूज दिसली की त्या बैलाला जू नाही, पाहुणे नाराज झाले तरी चालतील. लसीकरण, जंतनाशक वेळच्या वेळी, पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात, सर्पदंश झाला तर विषावरचं इंजेक्शन जवळ कुठं मिळतं ते आधी विचारून ठेवलेलं, आणि १०८ तर आहेच.

महिन्यागणिक काय दाखवता येईल ते वहीत लिहून काढा, जुन्नरला तर द्राक्षं आहेत, कांदा आहे, टोमॅटो आहे, आणि ज्या महिन्यात दाखवण्यासारखं काही नाही त्या महिन्यात बुकिंग घेऊ नका. सुरुवातीला शनिवार-रविवार दोनच कुटुंबं घ्या, घरच्यांना झेपतंय का बघा, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्या बायकांना, कारण पिठलं-भाकरी त्यांच्याच हातची असणार आहे आणि त्यांचा मोबदला हिशेबात पहिल्या ओळीला धरा. नोंदणीसाठी पर्यटन संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात सातबारा घेऊन चौकशी करा. सुरू झालं की मला कळवा, मुलं पाठवणारे वाचक इथं भरपूर आहेत.